मुंबई इंग्रजांना हुंड्यात मिळाली, हे कितपत खरं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्रजांना हुंडा म्हणून मिळाली असं आपण शाळेत शिकलो. तह १६६१ साली झाला, मग ताबा १६६५ साली का मिळाला? आणि सात ओसाड बेटांवर इंग्रजांनी वसाहत उभी केली ती कशी?

गेली तीस वर्षं मी मुंबईतल्या जमिनींच्या मालकीचे जुने कागद शोधायचं काम करतो. आमच्याकडे कोणताही कागद आला की तीन गोष्टी आधी बघतात. चतुःसीमा काय लिहिल्या आहेत, प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे, आणि जमिनीवर आधीपासून कोण बसलेलं आहे. या तीन प्रश्नांची उत्तरं शोधत गेलं की मुंबईच्या वसाहतीची पहिली तीस वर्षं बऱ्यापैकी उलगडतात. म्हणून मी उत्तरही त्याच क्रमाने देतो.

आधी ‘ओसाड’ हा शब्द काढून टाकू. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, तेव्हाच इथे कोळीवाडे होते, भाताची खाचरं होती, माडांच्या वाड्या होत्या, मिठागरं होती. माहीम हे त्याआधीपासूनचं नावाजलेलं बंदर. तिथे मखदूम अली माहिमी यांचा दर्गा पंधराव्या शतकापासून आहे. कोळी, आगरी, भंडारी, कुणबी, पाचकळशी, पाठारे प्रभू, कोकणी मुसलमान, आणि पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेली घराणी, अशी सगळी वस्ती होती. पोर्तुगीजांनी बेटं आपल्या सरदारांना, अधिकाऱ्यांना आणि पाद्र्यांना सारा भरण्याच्या अटीवर दिली. मुंबईचं मुख्य बेट सोळाव्या शतकाच्या मध्यावर गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे होतं. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला आणि त्यात तो या बेटावरच्या, वर्षातून दोनदा फळ देणाऱ्या आपल्या आंब्याच्या झाडाचा उल्लेख करतो. जिथे आंब्याला दोन बहर येतात आणि कोणीतरी ते मोजतो, ती जागा ओसाड नसते. इंग्रजांचे आकडे धरले तर त्यांनी बेट घेतलं तेव्हा साधारण दहा हजार माणसं इथे राहत होती.

आता हुंडा. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि ब्रागांझाची कॅथरिन यांच्या विवाहाचा तह २३ जून १६६१ रोजी झाला. त्यातलं अकरावं कलम मुंबईचं. ते वाचलं की ‘हुंडा’ हा शब्द अपुरा वाटतो. पूर्वेकडे इंग्रजांचा व्यापार वाढावा आणि डच लोकांच्या हल्ल्यांपासून इंग्लंडच्या राजाने तिथल्या पोर्तुगीज प्रजेचं रक्षण करावं, यासाठी मुंबईचं बंदर आणि बेट देत आहोत, असा त्याचा आशय आहे. म्हणजे मदतीच्या बदल्यात दिलेली जागा. पोर्तुगाल तेव्हा स्पेनच्या तावडीतून नुकतंच सुटत होतं आणि आशियात डच त्यांची ठाणी एकामागून एक घेत होते. उत्तर आफ्रिकेतलं टँजिअर बंदर आणि रोख रक्कमही याच तहात ठरली. लग्न लागलं ते १६६२ च्या मे महिन्यात.

या कलमात चतुःसीमा नाहीत. ‘मुंबईचं बंदर आणि बेट, त्याच्या हक्कांसह, मुलखासह’ एवढंच आहे. पण मुंबई म्हणजे कोणती? ज्याला आपण आज मुंबई शहर म्हणतो, ती तेव्हा भरतीच्या पाण्याने वेगळी झालेली बेटं होती: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. उत्तरेला खाडीपलीकडे साष्टी आणि ठाणं. लंडनमध्ये दाखवलेल्या नकाशावरून राजाच्या माणसांची अशी समजूत झाली की हे सगळं एकच. पुढे खरं कळलं तेव्हा बोभाटा झाला. सॅम्युअल पीप्स हा नौदलाचा अधिकारी १६६३ च्या आपल्या रोजनिशीत लिहितो की पोर्तुगीजांनी आपल्याला फसवलं, मोठं राज्य मिळेल असं वाटलं होतं आणि निघालं एक गरीब छोटं बेट. माझ्या मते मुद्दाम फसवलं असं म्हणायला आधार कमी आहे. लिस्बन आणि लंडन या दोन्ही ठिकाणच्या माणसांनी जागा पाहिलेली नव्हती, आणि न पाहिलेल्या जागेचा दस्त केला की असंच होतं.

ताबा घ्यायला लॉर्ड मार्लबरो पाच जहाजं घेऊन निघाला. बरोबर सर अब्राहम शिपमन आणि चारशे सैनिक. पोर्तुगीजांचा नवा गव्हर्नर आंतोनियो द मेलो द कास्त्रो हाही त्याच ताफ्यातून आला. बेट सोपवून द्यायचं काम त्याच्याचकडे होतं. १६६२ च्या सप्टेंबरात ताफा मुंबईच्या बंदरात पोहोचला आणि वाद तिथेच सुरू झाला. मार्लबरो म्हणाला, साष्टी आणि ठाण्यासकट द्या. कास्त्रो म्हणाला, तहात फक्त मुंबई आहे, आणि शिवाय शिपमनचं अधिकारपत्र रीतसर नाही.

मराठी वाचकांपैकी अनेकांना हा पोर्तुगीज कावा वाटतो. मला तसं वाटत नाही. कास्त्रोकडे तक्रारीला जागा होती. ज्या मदतीसाठी बेट द्यायचं ती मदत कुठे दिसत नव्हती, आणि १६६३ च्या जानेवारीत डचांनी कोचीन घेतलंसुद्धा. त्याचं पुढचं पत्र तर वाचण्यासारखं आहे. १६६५ साली बेट सोपवताना त्याने पोर्तुगालच्या राजाला कळवलं की केवळ आज्ञा म्हणून हे करतो आहे, ज्या दिवशी इंग्रज मुंबईत बसतील त्या दिवशी आपला हिंदुस्थान गेला असं समजा. साष्टी पोर्तुगीजांच्या हातून गेली ती मराठ्यांमुळे, १७३७ साली, आणि वसई १७३९ साली. पण इंग्रज शेजारी म्हणून काय करतील याचा त्याचा अंदाज चुकला नाही.

मार्लबरो जहाजं घेऊन परत गेला. मागे राहिले शिपमन आणि त्याचे शिपाई, आणि त्यांना उतरायला जागा नाही. सुरतेच्या इंग्रज वखारीने त्यांना घ्यायला नकार दिला, कारण हत्यारबंद चारशे गोरे सुरतेत उतरले तर मोगल सुभेदार वखारच बंद करेल ही भीती. शेवटी ते कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरले. त्या उघड्या खडकाळ बेटावर त्यांनी दोन पावसाळे काढले. औषध नाही, धड निवारा नाही, ताजं अन्न नाही. १६६४ च्या एप्रिलमध्ये शिपमन तिथेच वारला. मुंबईत पाऊल ठेवायला चारशेपैकी शंभर-सव्वाशेच जिवंत राहिले. मुंबईवर इंग्रजांनी मोजलेली पहिली किंमत ही. ज्यांनी ती मोजली त्यांनी मुंबई लांबून एकदाच पाहिली होती. त्यांच्या नावाची साधी पाटीही शहरात नाही, याचं मला वाईट वाटतं. ते आपले नव्हते हे खरं, पण ते कोणाचेच उरले नाहीत.

शिपमनच्या मृत्यूने कागदाचा नवा घोळ झाला. अधिकारपत्र शिपमनच्या नावाचं, आणि शिपमन तर गेला. त्याने मृत्युपत्रात आपला सचिव हंफ्री कुक याला पुढचा अधिकार दिला होता. गोव्याच्या न्यायाधीशांनी ते मृत्युपत्र तपासलं, ग्राह्य धरलं आणि १६६५ च्या जानेवारीत पणजीला करार झाला. कुकला कसंही करून त्या बेटावरून सुटायचं होतं, त्यामुळे पोर्तुगीजांनी घातलेल्या अटी त्याने मान्य केल्या. कॅथलिकांच्या धर्माला हात लावायचा नाही. साष्टीच्या लोकांना वांद्र्याच्या खाडीतून जकातीशिवाय जाऊ द्यायचं. आणि एक अट माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकी आहे: पोर्तुगीज गावांतून पळून येणाऱ्या कुणब्यांना, भंडाऱ्यांना मुंबईत थारा द्यायचा नाही, परत पाठवायचं. जमीन जाते आहे याच्याइतकीच जमीन कसणारी माणसं जातील ही चिंता त्या माणसांना होती. पुढे नेमकं तेच झालं.

१८ फेब्रुवारी १६६५. जागा, डोना इग्नेझ द मिरांडा या विधवा जमीनदारणीचा वाडा. हा वाडा ओर्ताच्या काळापासून बेटाच्या मालकाचं घर होता, आज एशियाटिक सोसायटीच्या मागे नौदलाच्या ताब्यात असलेल्या आवारात त्याचे अवशेष आहेत. त्या दिवशीच्या ताबापत्रात लिहिलं आहे की कुक जमिनीवर चालला, त्याने हातात माती आणि दगड घेतले, बुरुजांवर गेला, भिंतींना हात लावला. आपल्याकडेही जुन्या खरेदीखतांत ‘प्रत्यक्ष कब्जा दिला’ असं लिहितात, पण मूठभर माती उचलून घेतल्याची नोंद मी दुसऱ्या कुठल्या कागदात पाहिलेली नाही. एका मोठ्या शहराची सुरुवात म्हणून मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना हा परिच्छेद आधी वाचायला देतो.

पोर्तुगीजांनी दिलं ते फक्त मुंबईचं बेट. मग कुकने स्वतःच माहीम घेतलं. त्याच्यानंतर सर जर्व्हास लुकस १६६६ च्या नोव्हेंबरात आला आणि सहा महिन्यांत वारला. राजाला कळून चुकलं की खर्च वाढतो आहे आणि उत्पन्न काही नाही. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. खंड वर्षाला दहा पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला. त्या सप्टेंबरात कंपनीने ताबा घेतला आणि राजाच्या उरलेल्या शिपायांना आपल्या चाकरीत सामावून घेतलं. कंपनीच्या गोऱ्या पलटणींची सुरुवात या मूठभर माणसांपासून धरतात.

इथून पुढचा माणूस म्हणजे जेराल्ड ऑंजियर. १६६९ साली कंपनीच्या सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष सर जॉर्ज ऑक्झेंडन तिथेच वारला आणि ऑंजियर सुरतेचा अध्यक्ष व मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने १६७७ पर्यंत काम केलं आणि तोही सुरतेलाच वारला. मुंबई कोणी वसवली असा प्रश्न विचारला तर बहुतेक पुस्तकं त्याचं नाव घेतात. मी त्यात एवढी भर घालीन की ती त्याने एकट्याने वसवली नाही, पण आधीच बसलेल्या लोकांशी तडजोड करायची अक्कल त्याला होती, आणि त्याच्या आधीच्यांना ती नव्हती.

झालं होतं असं. कंपनी आली तेव्हा प्रत्येक वाडीवर, प्रत्येक खाचरावर कोणाचा ना कोणाचा हक्क होता. पोर्तुगीज राजाला सारा भरणारे जमीनदार, त्यांच्याकडून घेऊन कसणारे, माडी काढण्यासाठी माड छेवणारे भंडारी. हक्काचे कागद काहींकडे होते, काहींचे वसईला अडकले होते, काहींकडे कधी नव्हतेच. कुक आणि त्याच्या मागून आलेल्यांनी बऱ्याच जमिनी सरकारजमा केल्या होत्या. लोक धास्तावलेले. जमीन आपली राहील याची खात्री नसेल तर माड कोण लावणार? माडाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात.

ऑंजियरने एकेक कागद तपासत बसण्याऐवजी सगळ्यांना एकत्र बसवलं. १६७२ साली बोलणी सुरू झाली आणि १६ जुलै १६७४ रोजी करार पक्का झाला. बेटावरच्या जमीनधारकांनी मिळून दरवर्षी २०,००० शेराफिन कंपनीला द्यायचे, शेराफिन म्हणजे गोव्याचं रुप्याचं नाणं. त्याच्या बदल्यात कंपनीने सर्वांचे हक्क कायम मानायचे आणि जुन्या जप्त्यांचे दावे सोडायचे. जमीनधारकांनी बेटाच्या रक्षणासाठी माणसंही द्यायची. माझगावच्या ताव्होरा घराण्याची जहागीर वेगळी मानून त्यांना परत केली गेली.

या करारात ज्याला पेन्शन म्हटलं गेलं तो शब्द पोर्तुगीज आहे आणि त्याचा अर्थ ठरलेला सारा. तो शब्द शहराच्या कागदांतून कधी गेला नाही. मुंबईच्या जुन्या जमिनींच्या नोंदींत ‘पेन्शन अँड टॅक्स’ नावाचा धारणाप्रकार आहे, त्यातला पेन्शनचा भाग थेट या करारापर्यंत जातो. टॅक्सची जोड पुढच्या शतकातली. एकदा गिरगावातले एक गृहस्थ पिशवीभर कागद घेऊन माझ्याकडे आले होते. त्यांना वाटत होतं की आजोबा सरकारी नोकरीत होते आणि हे त्यांच्या निवृत्तिवेतनाचे कागद आहेत. मी त्यांना सांगितलं की हे पेन्शन तुम्हाला मिळत नव्हतं, तुमचं घराणं ते भरत होतं. ते बराच वेळ तो कागद हातात धरून बसले होते. तीनशे वर्षांमागच्या एका तडजोडीचा धागा आपल्या कपाटात आहे हे कळल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठीच मी हा व्यवसाय सोडलेला नाही.

‘फजनदारी’ हा असाच दुसरा शब्द. पोर्तुगीज ‘फझेंदा’ म्हणजे इस्टेट, तिचा धनी तो फजनदार. जमीन फजनदाराची आणि वरचं घर दुसऱ्याचं, त्याने ठरलेलं भुईभाडं द्यायचं, अशी व्यवस्था. ‘फोरास’ हाही पोर्तुगीज, भरतीचं पाणी हटवून काढलेल्या खाऱ्या जमिनींच्या साऱ्याशी जोडलेला. फोरास रोड हे नाव त्यातूनच आलं. आणि इंग्रजी दप्तरांत जिथे तिथे ‘बॅटी ग्राउंड’ दिसतं, तो आपला भात. शब्द मराठीतून पोर्तुगीजांनी उचलला आणि त्यांच्याकडून इंग्रजांनी. ज्या बेटाला ओसाड म्हणायचं, त्याच्या जमिनीला इंग्रजांनी नाव मात्र भातावरून दिलं.

ऑंजियरच्या काळातल्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. ऑगस्ट १६७२ मध्ये पोर्तुगीज कायदा जाऊन इंग्रजी कायद्याचं न्यायालय सुरू झालं, पहिला न्यायाधीश जॉर्ज विल्कॉक्स. त्याच सुमाराला टांकसाळीत रुपये, तांब्याची आणि कथलाची नाणी पडू लागली. प्रत्येक जातीच्या पंचायतीला आपसातले तंटे मिटवायची मुभा मिळाली. फेब्रुवारी १६७३ मध्ये डच सेनापती रिक्लोफ व्हान गुन्स मोठं आरमार घेऊन आला, पण बुरुजांवरच्या तोफा आणि जमलेले स्थानिक लोक, त्यात सोटे घेतलेले भंडारीही होते, हे पाहून हल्ला न करताच परतला. मलबार टेकडीवर पारशांचा पहिला दोखमा, म्हणजे मृतदेह ठेवायचा मनोरा, बांधला गेला तोही याच दशकात.

आणि दीवचे वाणी. १६७७ साली निमा पारेख या व्यापाऱ्याने मुंबईत यायच्या आधी कंपनीपुढे अटी ठेवल्या. आमच्या धर्मात कोणी ढवळाढवळ करायची नाही. आमच्या वाड्यात इंग्रज, पोर्तुगीज, इतर ख्रिस्ती किंवा मुसलमान कोणीही राहायचं नाही आणि जीवहत्या करायची नाही. आमचे मृतदेह आमच्या रीतीने जाळू द्यायचे. कंपनीने बहुतेक सगळं मान्य केलं. त्या काळी पोर्तुगीज मुलखात धर्मसभेची, म्हणजे इन्क्विझिशनची दहशत होती, अनाथ मुलांना जबरीने बाप्तिस्मा दिला जाई. त्यामुळे या आश्वासनाची किंमत फार मोठी होती. कंपनीला उदारपणाचा उमाळा आला असं समजायचं कारण नाही. तिला व्यापारी हवे होते आणि व्यापारी मागतील ते द्यायची तिची तयारी होती. पण ज्या आईबापांची मुलं वाचली त्यांना हेतूशी काय करायचं होतं?

१६७३ च्या अखेरीस मुंबईत आलेला डॉक्टर जॉन फ्रायर लोकसंख्या साठ हजार सांगतो आणि त्यात पळून आलेलेच फार असल्याचं लिहितो. हा मोजलेला आकडा नाही, अंदाज आहे. पण दहा वर्षांत वस्ती कितीतरी पटींनी वाढली यात शंका नाही. ज्या कुणब्या-भंडाऱ्यांना थारा देऊ नका असं कराराने बजावलं होतं, ते खाडी ओलांडून येतच राहिले.

आता शिवाजी महाराजांचा मुद्दा, कारण त्याशिवाय या वसाहतीचं उत्तर पुरं होत नाही. मुंबईत माड होते, मीठ होतं, मासळी होती. साठ हजार माणसांना पुरेल एवढं धान्य नव्हतं आणि जळाऊ लाकूड नव्हतं. ते येत होतं समोरच्या किनाऱ्यावरून: पेण, नागोठणं, कल्याण. हा मुलूख महाराजांचा. दुसरीकडे कंपनीचा मोठा व्यापार सुरतेत, तो मोगलांच्या मर्जीवर. आणि मोगलांचा आरमारी सरदार जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यात आपली जहाजं माझगावला आणून लावी आणि तिथून पलीकडच्या मराठी गावांवर धाडी घाली. त्याला हाकललं तर मोगल रागावणार, ठेवलं तर महाराज. मुंबईच्या गव्हर्नरची सगळी पत्रं या पेचाने भरलेली आहेत.

१६७४ च्या मे महिन्यात कंपनीचा वकील म्हणून हेन्री ऑक्झेंडन रायगडावर गेला तो या पार्श्वभूमीवर. दुभाषी नारायण शेणवी. १६६१ साली महाराजांच्या फौजेने इंग्रजांची राजापूरची वखार लुटली होती, तिची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती हे त्याचं काम. राज्याभिषेक त्याने डोळ्यांनी पाहिला आणि जूनमध्ये तह केला. भरपाई मान्य झाली. इंग्रजांची नाणी मराठी मुलखात सक्तीने चालवायला मात्र महाराजांनी नकार दिला: लोकांनी खरी पाहून घेतली तर घ्यावीत. फुटलेली जहाजं परत देण्याची मागणीही किनाऱ्याच्या रिवाजाविरुद्ध म्हणून फेटाळली. हे दोन नकार मला फार महत्त्वाचे वाटतात. नाणं आणि किनारा ही दोन्ही राज्याची अंगं आहेत, हे ओळखून दिलेलं ते उत्तर होतं.

याच भेटीचा एक छोटा प्रसंग फ्रायरने नोंदला आहे. गडावर खिचडी खाऊन कंटाळलेल्या इंग्रजांना एका म्हाताऱ्या खाटकाकडून मटण मिळायचं. एवढ्या वर्षांत विकलं नव्हतं तेवढं मटण थोड्या दिवसांत संपवणारी ही माणसं आहेत तरी कशी, हे बघायला तो वृद्ध गृहस्थ मुद्दाम गड चढून आला. पाचाडवरून रायगड चढलेल्याला त्या कुतूहलाचं मोल कळेल.

गोरे लोक मुंबईत मरत किती होते, हे वेगळं सांगायला हवं. दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य, अशी म्हण त्यांच्यात होती. पाद्री जॉन ओव्हिंग्टन १६९० च्या आसपास आला, तेव्हा त्याच्या जहाजातल्या चोवीस उतारूंपैकी वीस पावसाळा संपायच्या आत पुरले गेले. त्यांनी दोष दिला माडांना घालायच्या मासळीच्या खताला. वासामुळे हवा बिघडते, हवेमुळे ताप येतो, असा तर्क. खतावर बंदीही घातली गेली. खरं कारण महालक्ष्मी-वरळीच्या खिंडाराने भरतीचं पाणी आत येऊन सगळीकडे साचायचं, त्या दलदलीत डास आणि डासांतून हिवताप. ते खिंडार बुजायला अठराव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. तोवर माडवाले खत चोरून घालत राहिले असणार, कारण मासळीशिवाय त्या रेताड जमिनीत माड फळत नाही हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

ऑंजियरनंतर सगळं बिनसत गेलं. १६७९ साली महाराजांनी मायनाक भंडारीला खांदेरी बेटावर तट बांधायला पाठवलं. खांदेरी म्हणजे मुंबई बंदराच्या तोंडाशी. इंग्रजांनी अडवायचा प्रयत्न केला, ऑक्टोबरात समुद्रावर लढाई झाली, त्यांचं एक गलबत मराठ्यांच्या हाती लागलं. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. कंपनीने खर्चकपात म्हणून शिपायांचे पगार कापले, तेव्हा खांदेरीच्या लढाईत इंग्रजांकडून लढलेला रिचर्ड केग्विन हाच बंडाचा पुढारी झाला. २७ डिसेंबर १६८३ ला त्याने गव्हर्नरच्या नायबाला कैद केलं आणि मुंबई पुन्हा राजाच्या नावाने जाहीर केली. जवळजवळ वर्षभर त्याने कारभार पाहिला, संभाजी महाराजांशी तह केला, आणि माफीच्या अटीवर नोव्हेंबर १६८४ मध्ये बेट परत दिलं. बंडखोर असूनही खजिना त्याने नीट सांभाळला होता, हे त्याच्या विरोधकांनाही नाकारता आलं नाही.

१६८७ साली कंपनीने मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला आणलं आणि लगेच तिचा इथला प्रमुख सर जॉन चाइल्ड याने मोगलांशी भांडण ओढवून घेतलं. १४ फेब्रुवारी १६८९ च्या रात्री सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला. माझगाव गेलं, माहीम गेलं, शीव गेलं. डोंगरीवरून त्याच्या तोफा किल्ल्यावर चालू लागल्या. चाइल्ड १६९० च्या फेब्रुवारीत वारला. औरंगजेबाने दीड लाख रुपये दंड घेऊन फर्मान दिलं आणि जूनमध्ये सिद्दी माझगावचा किल्ला जाळून निघून गेला. मागून पटकी-प्लेगासारखी साथ आली. वस्ती पार खाली गेली. जे बेट कंपनीने वीस वर्षं जपून वाढवलं ते तीन-चार वर्षांत रिकामं होत आलं. पारशी परंपरा सांगते की सिद्दीच्या उरलेल्या माणसांना रुस्तम दोराब या पारशाने कोळ्यांना बरोबर घेऊन हुसकावलं आणि कोळ्यांची पाटीलकी त्याला मिळाली.

आणि तरीही मुंबई पुन्हा भरली. माझं उत्तर इथे थोडं मतासारखं आहे, पण कागदांवर उभं आहे. किल्ल्याची तटबंदी पुरी व्हायला १७१६ साल उजाडलं, म्हणजे लोक परत आले ते तटाच्या भरवशावर नाही. १६७४ चा करार वेढ्यानंतरही मोडला गेला नाही, सारा ठरलेला राहिला, जमीन ज्याची त्याची राहिली. वेढ्यात पळालेला माणूस परत आला की त्याला आपली वाडी मागता येत होती. सिद्दीला मदत केल्याच्या संशयावरून जेझुइट पाद्र्यांची जमीन मात्र कंपनीने पुढे काढून घेतली. परळचं त्यांचं चर्च मग गव्हर्नरचा बंगला झालं, आणि आज त्याच वास्तूत हाफकिन संस्था आहे. आवारात जायला मिळालं तर जुन्या इमारतीच्या भिंती किती जाड आहेत ते जरूर बघा.